फोटोत तुम्हीच दिसा

रात्रीचे साडेअकरा. फॉर्मची लास्ट डेट आजच, आणि साइट फोटो घेत नाहीये. डोंबिवली स्टेशनबाहेरचे स्टुडिओ केव्हाच बंद झालेत. ओळखीचं वाटतंय ना?

मग येत्या रविवारी सकाळीच घरी फोटो काढून ठेवा. खिडकीसमोरच्या भिंतीवर पांढरी चादर ताणून लावा. तिच्या हातभर पुढे, खिडकीकडे तोंड करून उभे राहा, मागे सावली पडत नाही. सेल्फी नकोच, जवळून नाक मोठं येतं. ताईला पाच-सहा फुटांवर उभं करून मागच्या कॅमेऱ्याने काढायला सांगा. ३५ बाय ४५ मिलिमीटरचे आठ फोटो ४ बाय ६ इंचांच्या एका प्रिंटवर बसतात. चादर असताना बॅकग्राउंड बदलायला अनोळखी साइटला आपला चेहरा कशाला द्यायचा?

पण खरी गडबड ब्युटी मोडची आहे. बारावीला स्टुडिओवाल्या काकांनी न विचारता मला इतकं गोरं केलं, की परीक्षा केंद्रावरच्या मॅडम हॉल तिकीट आणि मी, असं तीनदा बघत राहिल्या. पेपरआधीच घाम फुटला. (काकांना तरी काय बोलणार? ‘जरा फ्रेश करा’ हे आपणच सांगतो.) आता हेच काम फोन गुपचूप करतो. ते सेटिंग आधी शून्यावर आणा. ‘नीट’च्या सूचनांत कानांसकट ८० टक्के चेहरा दिसायला हवा असं असतं; उजळ दिसायला हवा, असं नाही.

आणि पासपोर्टला जाणार असाल, तर वागळे इस्टेटच्या सेवा केंद्रात आपला फोटो तिथलेच लोक काढतात. फिल्टरबिल्टर काही नाही.