कंटेनरमध्ये काय पेरावे? आधी विजेचा हिशेब मांडा

बंद कंटेनर, जांभळे दिवे आणि मातीविना वाढणारी हिरवी रोपे. हायड्रोपोनिक्सची अशी छायाचित्रे विज्ञानवार्तांत वारंवार झळकतात आणि त्यांखाली ‘अन्नसुरक्षेचे उत्तर’ असा मथळा असतो. कोणते पीक, हे सांगितल्यावाचून हा दावा माझ्या मते निरर्थक आहे.

सूर्य नसलेल्या पेटीत प्रकाश विकत घ्यावा लागतो. चांगला एलईडी साधारण निम्म्या विजेचे प्रकाशात रूपांतर करतो आणि उत्तम निगा राखूनही त्या प्रकाशातील सुमारे 5 टक्के ऊर्जाच वनस्पतीत साठते, असे धरू. एक किलो कोरड्या वनस्पतिद्रव्यात सुमारे 17 मेगाज्यूल ऊर्जा असते. म्हणजे त्यासाठी जवळपास 190 युनिट वीज लागेल. गव्हाच्या रोपाचा निम्म्याहून कमी भाग दाणा असतो. म्हणून किलोभर गव्हामागे साडेतीनशेहून अधिक युनिट खर्ची पडतील. पालेभाजीत मात्र नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते आणि तिचा बहुतेक भाग खाल्ला जातो. तिथे 15 ते 20 युनिट पुरतात. धान्य येथेच बाद होते.

दुसरी कसोटी उष्णतेची. दिव्यांची जवळजवळ सारी वीज अखेर उष्णताच होते, आणि वाराणसीत मे-जूनमध्ये पारा 45 अंशांच्या आसपास जातो. पाणी 20 अंशांवरून 30 अंशांवर गेले, की त्यात विरघळू शकणारा प्राणवायू लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅमवरून साडेसातवर येतो. थंडीच्या लेट्यूसची मुळे अशा पाण्यात गुदमरतात. त्याला जगवायचे, तर शीतकरणाचे देयक वेगळे.

मग लेट्यूसच का? आपली नाळीची भाजी, म्हणजे इकडची कलमी, उष्णताप्रिय आहे; पोकळ देठांमुळे ती पाण्यात सहज तगते आणि कापल्यावर पुन्हा फुटते. तळ्यांतील दूषित पाण्याची धास्ती टाळण्यासाठी वाराणसीच्याच भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेने शेतात घेता येणारा तिचा ‘काशी मनु’ हा वाण विकसित केला आहे.

अर्थात, जिथे जमीन, ऊन आणि स्वच्छ पाणी आहे, तिथे कलमीलाही कंटेनर नको, शेतच बरे. जागा किंवा स्वच्छ पाणी नसेल, तिथेच ही पेटी शोभते.

विद्यार्थिमित्रांनो, कर्ज काढून असा प्रकल्प उभारण्यापूर्वी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा : खाण्याजोग्या एका किलोमागे, शीतकरण धरून, किती युनिट? उत्तर आकड्यात मिळाले नाही, तर छायाचित्र पाहून परत या.