मृदंगाच्या मागे बसणारे

मालवण तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत जा आणि तिथल्या मृदंगवाल्याला विचारा, तुमचे गुरू कोण? बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं : "कोण नाय. आयकान शिकलंय." घाटावर आळंदीला मुलं महाराजांकडे राहून मृदंग शिकतात. शहरात गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेत, प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत. आमच्या किनाऱ्यावर मात्र पिढ्यान् पिढ्या मृदंग ऐकून शिकला गेला. त्यातून तयार झालेले हात असे आहेत की मुंबईच्या डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यात, बुवांच्या शेजारी बसले तरी कुठे कमी पडत नाहीत. म्हणून हे ऐकून शिकणं नेमकं कसं होतं, ते एकदा नीट मांडावंसं वाटतं. गेली काही वर्षं मी स्वतःच त्या वाटेनं चालले आहे.

चतुर्थीत आमच्याकडे भजन घरोघर फिरतं. संध्याकाळी वाडीच्या एका टोकाला सुरू होतं, ते शेवटच्या घरी पोचेपर्यंत कधी कधी तांबडं फुटतं. प्रत्येक घरी गजर, रूपाचा अभंग, गौळण, आरती. मग काळ्या वाटाण्याची उसळ, चहा आणि पुढचं घर. बुवा पेटीवर, बाजूला मृदंग, तबला, झांज, चकी, आणि मृदंगवाल्याच्या पाठीमागे पोरांची एक रांग. त्या रांगेकडे कुणी फारसं बघत नाही, पण शाळा तिथेच भरते. पोरं मांडीवर हात मारत असतात. कुणी सांगितलेलं नसतं, तरी सम आली की सगळ्यांचे हात एकदम पडतात. एखाद्या वर्षी झांजवाला मुंबईहून येत नाही, तेव्हा त्यातल्याच एकाच्या हातात झांज दिली जाते. मग चकी. आणि एखाद्या रात्री मृदंगवाला चहाला उठला की आरतीपुरता मृदंग. आरतीत मोठे आवाज असतात, घंटा असते, टाळ्या असतात. नवशिक्याचा हात त्यात निभावून जातो. इथल्या बहुतेक मृदंगवाल्यांचा पहिला कार्यक्रम म्हणजे कुणाच्या तरी घरची आरतीच.

आम्ही मुली त्या रांगेत नव्हतो. आम्ही माजघरात, उसळीच्या टोपाजवळ. भिंतीपलीकडून मृदंग ऐकू यायचा आणि मला वाटतं, माझा कान तिथेच तयार झाला. न दिसणारं वाद्य जास्त नीट ऐकू येतं. बुवांनी गौळण सोडून गजर धरला, की मृदंगाची चाल बदलायच्या आधीच्या क्षणात हात जरा थबकतो, ते मला वाटाणे नीट करता करता कळायचं. आता गावोगाव महिला भजन मंडळं झाली. आमचंही झालं. पेटीला बाई मिळाली, झांजेला चौघीजणी पुढे आल्या, मृदंगाला कोण, म्हटल्यावर सगळ्या गप्प झाल्या. भावाचा जुना मृदंग माळ्यावर होता. तो मी खाली काढला.

पहिली गाठ पडते ती वाद्याशीच. मृदंग, म्हणजे पखवाज, एकाच खोडाचा; आमच्याकडे पुष्कळदा फणसाचा. उजव्या पुडीवर कायमची काळी शाई. डाव्या पुडीवर, धुमेवर, दर वेळी ताजी कणीक लावायची. पोळीला मळतो त्यापेक्षा सैल आणि चिकट. तेल नाही, मीठ नाही. आधी पुडीवर पाण्याचा हात फिरवायचा, मग गोळा मधोमध दाबून कडांनी पातळ करत आणायचा. गोळा मोठा तर आवाज खाली जातो, लहान तर वर चढतो. थाप मारायची, ऐकायचं, चिमूटभर काढायची, पुन्हा ऐकायचं. डावा नाद उजव्याच्या खालच्या षड्जावर येऊन बसला, की अंगावर काटा येतो. रात्र चढते तशी कणीक सुकते, मग बोट ओलं करून तिला जागं ठेवावं लागतं. भजन संपलं की ती खरवडून पुडी स्वच्छ पुसायची. राहिली तर सुकून कातडं ओढते आणि मुंग्या-उंदरांना आमंत्रण होतं ते वेगळंच. हे सगळं पुस्तकात दोन ओळींत उरकलेलं असतं. हातांना मात्र कणकेची भाषा कळायला एक पावसाळा लागतो.

आणि पावसाळा हाच आमचा मोठा परीक्षक. चतुर्थी भाद्रपदात. हवा ओली, वारा खारा. कातडं ओल धरतं, पुडी सैलावते, आवाज उतरतो. मग गठ्ठे ठोकून वादी ताणायची, वरच्या गजऱ्यावर हातोडीनं सोळा घरं सारखी करत फिरायचं. बुवांची पट्टी काळी दोन असेल तर एक पुडी. आम्हा बायकांची काळी चारच्या आसपास, तिला उजव्या तोंडाचा घेर लहान लागतो. भावाचा मृदंग पुरुषांच्या पट्टीचा. तो वर चढवायचा म्हणजे कातड्याशी भांडण. हल्ली वादीऐवजी नट-बोल्टचे पखवाज मिळतात, पान्यानं फिरवले की चढतात, आणि ओल्या हवेत त्यांचा मोठा आधार आहे. जुनी माणसं नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. ज्या वाद्यामुळे एखादी पोर स्वतःच्या हातानं सूर लावू शकते, ते वाद्य घरात असावं.

हात बसवायला लागले तेव्हा वाडीतल्या एका जुन्या मृदंगवाल्यांकडे गेले. आता त्यांचे हात थरथरतात, वाजवणं बंद आहे. शिकवतो असंही ते म्हणाले नाहीत. ओटीवर बसून मी काय करते ते ऐकत राहिले आणि एवढंच म्हणाले, "आदी तोंडान म्हण गो, मगे हातान वाजय." तिट कत गदि गन. हे तोंडानं स्पष्ट म्हणता येईपर्यंत हात लावायचा नाही. चूल पेटवताना म्हणा, विहिरीवर म्हणा, एसटीची वाट बघताना म्हणा. जीभ जिथे अडखळते तिथेच हातही अडखळतो, हे मी तेव्हापासून पाहत आले आहे. 'ट' पुसट म्हटला तर तो पुडीवरही पुसटच उमटतो. आपल्याकडची ही पढंत म्हणजे स्वतः शिकणाऱ्याला मिळालेलं केवढं मोठं धन आहे! वाद्य नसताना, वीज नसताना, शेजारी पोर झोपलेलं असताना रियाज करता येतो. नाना पानशांसारख्या थोर पखवाजियांची परंपरा शिष्यांच्या तोंडूनच पुढे आली. चामडं फाटतं, लाकूड किडतं, बोल राहतात.

आता मोबाइल आला आहे आणि मी त्याच्या बाजूनं आहे. पूर्वी मृदंगवाल्याचा उजवा पंजा कसा पडतो ते बघायला त्याच्या समोर बसावं लागे आणि समोर बुवांची माणसं. आता डबलबारीचं चित्रीकरण थांबवून, मागे नेऊन, संथ करून बघता येतं. 'तिट'मध्ये पंजाची एक बाजू आणि मग दुसरी कशी आळीपाळीनं पडते ते मी असंच बघून घेतलं. कॅसेटच्या काळातल्या पोरांनी हेच नुसतं ऐकून शोधलं होतं, फीत घासून जाईपर्यंत.

पण एकट्यानं वाजवताना लय धावते. सगळ्यांचीच धावते. सोपा तुकडा आला की हात पळतो, अवघड आला की रखडतो, आणि वाजवणाऱ्याला दोन्ही कळत नाही, कारण त्याचं सगळं लक्ष बोटांत अडकलेलं असतं. लेहऱ्याचं यंत्र लावलं तर ते धावू देत नाही, हे खरं. पण भजनाची लय यंत्रासारखी सरळ नसते. बुवा संथ सुरुवात करतात, माणसं जमली, सूर लागला की हळूहळू उचलतात, गजराला ती दुप्पट होते, आणि हे सगळं ते पेटीवरच्या एका हातानं आणि नजरेनं सांगतात. ही नजर कुठल्याच चित्रफितीत शिकायला मिळत नाही. तिथे नजर तुमच्याकडे नसते.

म्हणूनच मला असं ठामपणे वाटतं, की आमच्याकडे जे "कोणाकडे शिकलो नाही" म्हणतात, त्यांना अख्ख्या भजनानं शिकवलेलं असतं. झांजवाल्यानं शिकवलेलं असतं. तो सरळ घाव देत राहतो, तुम्ही सुटलात की तुम्हाला लगेच ऐकू येतं. कोरस धरणाऱ्यांनी शिकवलेलं असतं. त्यांचा श्वास कुठे संपतो ते कळलं की तिहाई कुठे टाकायची ते कळतं. आणि ऐकणाऱ्या घरानं शिकवलेलं असतं. ओटीवरच्या म्हाताऱ्या माना डोलवायच्या थांबल्या, की समजावं. एकट्याच्या खोलीत हात तयार होतो, साथ तयार होत नाही. साथ ही माणसांतच तयार होते.

याचा सगळ्यात कठोर नमुना बघायचा तर दशावतारात. कार्तिकात तुळशीचं लग्न झालं की जत्रा सुरू होतात आणि मंडळं गावोगाव फिरतात. नाटकाची संहिता नाही. रात्री आख्यान ठरतं, संवाद रंगमंचावर उभ्या उभ्या सुचतात, पदं नट स्वतः म्हणतात, आणि पायपेटी, मृदंग, झांज एवढ्यावर पहाटेपर्यंत खेळ उभा राहतो. राजा किती पावलांत रंगमंचावर येईल, राक्षस किती वेळ थयथयाट करील, युद्धात कोण कधी पडेल, हे मृदंगवाल्याला आधी कुणीच सांगत नाही. तो नटाच्या पायाकडे बघत असतो. पाऊल पडायला आणि थाप पडायला एकच वेळ. हे शिकवायला वर्ग कुठला काढणार? मंडळाबरोबर टेम्पोतून हिंडायचं, जागायचं आणि बघायचं.

लय अशी अंगात भिनलेली माणसं आपल्या अवतीभवती थोर झाली आहेत. पलीकडे गोव्यात लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर होऊन गेले. दोन हातांनी आणि दोन पायांनी वेगवेगळे ताल एकाच वेळी धरायचे आणि पुन्हा समेवर सगळे एकत्र आणायचे, ही त्यांची ख्याती. पाश्चात्त्य ड्रमसेटवर बसणाऱ्याला नेमकं हेच साधावं लागतं, चारही अवयव सुटे करणं. त्या ड्रमसेटवर जगभर नाव काढलेले त्रिलोक गुर्टू हे ठुमरी-दादऱ्याच्या थोर गायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव. शोभाताई बेळगावच्या, त्रिलोक यांचा जन्म मुंबईचा, १९५१ सालचा. तबला ते रीतसर शिकले, पण पाश्चात्त्य संगीत त्यांना तबकड्यांतून भेटलं. तिकडे एकाच गाण्यात एकावर एक असे थर ध्वनिमुद्रित करतात हे तेव्हा त्यांना माहीत नव्हतं, असं त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. जे ऐकू येतं ते एकाच वेळी वाजवलेलं असणार, असं समजून त्यांनी ऐकलं. पुढे ते जमिनीवर बसून तबला आणि ड्रम एकत्र मांडून वाजवू लागले, पाण्याच्या बादलीत झांजा बुडवून नाद वळवू लागले. कानावर एवढा विश्वास टाकणारा माणूस शोभा गुर्टूंच्या घरातच वाढला, याचं मला जरासुद्धा नवल वाटत नाही. जन्मापासून घरात साथसंगत चाललेली!

आमचं शिकणं पुष्कळसं मुंबईतही झालं. गिरणगावच्या चाळींतून कोकणातल्या गावांची भजनी मंडळं होती. परळच्या दामोदर नाट्यगृहात डबलबाऱ्या रंगायच्या. परशुराम पांचाळ, चिंतामणी पांचाळ अशा बुवांची नावं घराघरांत होती. गिरणीची पाळी संपवून आलेला माणूस खोलीत मृदंग घेऊन बसायचा आणि चतुर्थीला गावी येताना नवा तुकडा घेऊन यायचा. १९८२ च्या गिरणी संपानंतर किती तरी जण कायमचे गावी परतले. आमच्या पंचक्रोशीतले आजचे वयस्क मृदंगवाले बघा, त्यांच्या हातात लालबाग-परळ आहे. तो हात आता म्हातारा होतो आहे, आणि मागच्या रांगेत बसणारी पोरं कमी होत आहेत. पोरं मुंबईत आहेत, परीक्षेला आहेत, किंवा बाहेर पडवीत मोबाइलवर आहेत.

म्हणून माझं मंडळांना कळकळीचं सांगणं आहे. यंदा नवशिक्याला आरतीवर थांबवू नका. एखाद्या ओळखीच्या घरी, जिथे माणसं सांभाळून घेतात तिथे, त्याला एक अख्खी गौळण द्या. लय उतरली तर बुवांनी पेटीवर सावरून घ्यावं. बुवांना ते सहज येतं. आणि मुलींना त्या मागच्या रांगेत जागा द्या, आतून पोह्यांच्या बशा आणायला उठवू नका. बशा आणायला घरात पुरुष पुष्कळ असतात.

आमच्या मंडळात सहावीतली एक पोर झांज धरते. दोन अभंगांच्या मध्ये तिची बोटं मांडीवर तिट कत करत असतात, हे मी गेल्या वर्षी पाहिलं. यंदा शेवटच्या घरची गौळण तिची. तिच्या बोटांच्या मानानं पुडी मोठी आहे, म्हणून लहान तोंडाचा मृदंग कुठे मिळतो का ते शोधते आहे. कुणाच्या माळ्यावर असेल तर कळवा. पुडी फाटलेली असली तरी चालेल, खोड शाबूत असलं म्हणजे झालं.