नववीचे गुण कोण देणार?

गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या हस्ताक्षरांत आहे. बारावीतला विद्यार्थी अमेरिकेतल्या विद्यापीठांना अर्ज करतो आहे. त्यांना नववी ते बारावी या चारही वर्षांचे गुण संस्थेच्या सही-शिक्क्यानिशी हवे आहेत. माध्यमिक शाळा सांगते, मुलगा दाखला घेऊन गेला, प्रगतिपुस्तक तेव्हाच दिले होते, आता आमचा संबंध नाही. कनिष्ठ महाविद्यालय सांगते, दुसऱ्या संस्थेचे गुण आम्ही प्रमाणित कसे करणार? शिक्षणाधिकारी कार्यालयात गेले तर तिथला लिपिक म्हणतो, असा विहित नमुना नाही, वरून मार्गदर्शन मागवावे लागेल. मार्गदर्शन येत नाही. १ नोव्हेंबर मात्र येते, आणि त्या दिवशी मुदतपूर्व फेरीचे अर्ज बंद होतात.

एका पालकाने शेवटी प्रगतिपुस्तकाची झेरॉक्स काढून तिच्यावर नोटरीचा शिक्का मारून घेतला. नोटरीने मुलाला कधी शिकवले नाही, त्याच्या उत्तरपत्रिका पाहिल्या नाहीत. ज्या शाळेने शिकवले, तपासले, निकालपत्रक भरले, ती शाळा मात्र सही करायला तयार नाही. आपल्या व्यवस्थेला याची लाज वाटली पाहिजे.

दहावीचे गुण मंडळाकडे आहेत, पडताळणीची सोय आहे. नववीचे गुण शाळेच्या निकालपत्रकाखेरीज कुठेही नाहीत. जनरल रजिस्टरमध्ये मुलाचे नाव आहे, निकालपत्रक कपाटात आहे, लेटरहेड टेबलावर आहे. मग अडचण कसली? ‘शासन निर्णय नाही’ हे उत्तर आम्हाला मान्य नाही. बोनाफाईड देताना आपण मंत्रालयाला विचारतो का? स्वतःच्या शाळेतल्या नोंदीचा उतारा स्वतःच्या सहीने देण्याचा अधिकार मुख्याध्यापकाला आहे आणि ते त्याचे कामच आहे. कनिष्ठ महाविद्यालयानेही दुसऱ्याच्या गुणांची हमी द्यायची नाही. अकरावीचे गुण स्वतःच्या लेटरहेडवर द्यायचे, नववी-दहावीचा शाळेने दिलेला उतारा मुळाबरहुकूम पाहून सोबत जोडायचा. वेगवेगळ्या संस्थांचे कागद एकत्र जोडायची सोय अनेक अमेरिकन विद्यापीठांच्या सामायिक अर्जप्रणालीत, म्हणजे कॉमन अ‍ॅपमध्ये आहे. दोन कागद, दोन जावक क्रमांक, अर्ध्या तासाचे काम.

आपली कार्यालये या कामाला इतकी बिचकतात, कारण आपल्या शब्दाला किंमत असण्याची सवयच आपल्याला राहिलेली नाही. २०२४ साली आयआयटींच्या १७,७४० जागांसाठी प्रवेश झाले, त्यात एकाही प्राचार्याचे मत कोणी विचारले नाही. बारावीच्या पंचाहत्तर टक्क्यांची अट तेवढी पाहिली जाते. नीटमध्येही आपले मत कोणी विचारत नाही. वर्षानुवर्षे हे असेच चालल्याने संस्था म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरण्याचे ठिकाण, असे मुलांनी मानले आणि आपणही मानून घेतले. अमेरिकेतल्या निवडक विद्यापीठांचा अर्ज याच्या उलट चालतो. तिथे शाळेचा अहवाल, काउन्सेलरचे पत्र, दोन शिक्षकांची शिफारसपत्रे आणि संस्थेची माहिती देणारे स्कूल प्रोफाइल यांवाचून फाइल पुरी होत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठासारखे काही अपवाद शिफारसपत्र मागत नाहीत. बाकी ठिकाणी आपण लिहिलेला शब्द निवड समिती वाचते.

पालक आपल्याला विचारतात, ‘सर, हार्वर्डला किती टक्के लागतात?’ या प्रश्नाला खरे उत्तर द्यायची तयारी ठेवा. २०२४ च्या प्रवेशासाठी हार्वर्डकडे ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना निवडपत्रे गेली, म्हणजे शंभरात चारही नाहीत. त्याच वर्षी एमआयटीचा दर सुमारे साडेचार टक्के होता, आणि परदेशी अर्जदारांसाठी तो याच्या निम्म्याहूनही कमी असतो. शिवाय हे सरासरीचे आकडे आहेत. त्यांत संघासाठी निवडलेले खेळाडू आले, माजी विद्यार्थ्यांची मुले आली. हार्वर्डच्या प्रवेशप्रक्रियेविरुद्धच्या खटल्यात २०१८ साली जी आकडेवारी उघड झाली, तिच्यात अर्ज करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी जवळजवळ एक तृतीयांश मुलांना प्रवेश मिळत असल्याचे दिसले. ज्याच्या पाठीशी यातले काही नाही, अशा लातूरच्या किंवा सांगलीच्या मुलाची शक्यता छापील टक्क्यांपेक्षा कमीच धरली पाहिजे. आर्थिक मदत मागितली की बऱ्याच ठिकाणी परदेशी मुलाची शक्यता आणखी घटते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ अशा मोजक्या संस्था निवड करताना परदेशी अर्जदाराचीही ऐपत पाहत नाहीत. सल्लागाराला लाखो रुपये मोजण्याआधी एवढे तरी पालकांना आपल्या तोंडून कळू द्या. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या, तेव्हा अनेक घरांनी हाय खाल्ली. तो भाग आपल्या हातातला नाही.

हातात काय आहे, ते पाहा. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की प्रवेश परीक्षेत सारखेच गुण असलेल्या मुलांत अतिश्रीमंत घरातले मूल अशा निवडक विद्यापीठांत पोचण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलाच्या दुपटीहून अधिक असते. त्याच्या कारणांत माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे प्राधान्य आहे, खेळाडूंची निवड आहे आणि तिसरे कारण आहे अभ्यासेतर गुणांकन. महागड्या खासगी शाळांतल्या मुलांना ते जास्त मिळते. अशा शाळांत काउन्सेलर मुलाला तीन-चार वर्षे ओळखत असतो, त्याच्याविषयी नेमके लिहितो. आपल्या मुलांची बाजू तिथेच लंगडी पडते, आणि ती सावरायला पैसा लागत नाही, लक्ष द्यावे लागते.

शिफारसपत्रांबाबत आमचा राग लपवण्याचे कारण नाही. एका कनिष्ठ महाविद्यालयातल्या तीन विद्यार्थ्यांची पत्रे एका वाचक-शिक्षकाने नावे खोडून आम्हाला दाखवली. तिन्हींचा मजकूर शब्दशः एक. तिसऱ्या पत्रात मुलाचा उल्लेख मधूनच ‘मुलगी’ असा झालेला, कारण आधीच्या मुलीचे पत्र तसेच उचलले होते. खाली सही पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाची, आणि मजकूर बाहेरच्या सल्लागाराने पाठवलेला. शिक्षकांच्या मूल्यमापनाच्या तक्त्यात सगळीकडे शेवटचा रकाना: ‘माझ्या कारकिर्दीत भेटलेल्या मोजक्यांपैकी एक’. एका वर्षात एका शिक्षकाला असे तिघे भेटले असतील, तर वाचणारा तिघांवरही विश्वास ठेवणार नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच संस्थेच्या चौथ्यावरही ठेवणार नाही. याहून वाईट प्रकार आम्हाला कळला आहे. शिक्षकाच्या नावाने जीमेलचा पत्ता उघडायचा, त्यावर कॉमन अ‍ॅपचे निमंत्रण घ्यायचे आणि पत्र परस्पर चढवायचे. ही बनावट कागदपत्रे आहेत. उघडकीला आली तर दिलेला प्रवेशही रद्द होतो. आपल्या नावाने असे होऊ देणारा शिक्षक मुलाचा घात करतो आहे.

चांगले पत्र लिहायला इंग्रजीचा डौल लागत नाही. रसायनशास्त्राच्या एका शिक्षिकेने लिहिलेले पत्र आमच्यासमोर आहे. टायट्रेशनच्या प्रात्यक्षिकात बाकी सगळ्या बॅचचा सी.बी.आर. (स्थिर ब्युरेट रीडिंग) सारखा आला, एका मुलीचा आला नाही. शेजारचा आकडा उतरवून जर्नलवर सही घेणे सोपे होते. तिने स्वतःचेच रीडिंग लिहिले, मधल्या सुट्टीत परत येऊन ब्युरेट धुतली, पुन्हा तीन रीडिंग घेतली आणि नळीच्या टोकाशी हवेचा बुडबुडा राहिला होता, हे शोधून काढले. शिक्षिकेने एवढेच लिहिले, चार-पाच साध्या वाक्यांत. ‘कष्टाळू, प्रामाणिक, आज्ञाधारक’ यातला एकही शब्द पत्रात नाही. निवड समितीवर बसलेल्या माणसाला त्या मुलीविषयी जे कळायला हवे, ते सगळे कळते.

असे लिहायचे तर मूल प्रयोगशाळेत दिसले पाहिजे. इथे खासगी क्लासशी जोडलेल्या ‘इंटिग्रेटेड’ अभ्यासक्रमाच्या नावाखाली चाललेला कारभार आडवा येतो. पट आपल्याकडे, मूल क्लासमध्ये. २०१८ साली बायोमेट्रिक हजेरीचा निर्णय निघाला, तरीही बाक रिकामेच आहेत. अकरावीचे तर कोणी काही मानतच नाही. सगळ्यांना पास करायचे, प्रात्यक्षिकाचे गुण सरसकट वाटायचे, निकालपत्रक मे महिन्यात घाईने उरकायचे, ही आपली रीत. अमेरिकेचा अर्ज जातो बारावीच्या पहिल्या सहामाहीत आणि निकाल लागतो मार्चअखेर. बोर्डाचा निकाल त्यानंतर. म्हणजे आपण ज्या अकरावीला कस्पटासमान मानतो, ती तिथे सर्वांत बारकाईने पाहिली जाते. सरसकट वाटलेल्या गुणांनी हुशार मुलाचे नुकसान होते, कारण वर्गात सगळ्यांनाच पंच्याण्णव असतील तर त्याच्या पंच्याण्णवाला अर्थ राहत नाही.

याच्या उलट, कडक तपासणाऱ्या संस्थेतल्या मुलाचे ब्याऐंशी टक्के तिकडे कमी वाटू शकतात. स्कूल प्रोफाइल त्यासाठीच असते: एका पानात तुकड्या किती, विषय कोणते, गेल्या तीन वर्षांत पंच्याहत्तर, पंच्याऐंशी, नव्वद टक्क्यांच्या वर किती मुले. हे एकदा तयार केले की दरवर्षी आकडे बदलायचे. गुण मात्र आपल्याच पद्धतीत पाठवा. पालकाच्या किंवा एजंटाच्या आग्रहाखातर टक्क्यांचे चारपैकी जीपीए करून देऊ नका. मूळ गुण तसेच पाठवा, असेच बहुतेक विद्यापीठे सांगतात.

ज्या संस्थांनी हे जमवले, त्या मोठ्या नाहीत. संचमान्यतेत काउन्सेलरचे पद कुठेच मंजूर नसते, तासिका तत्त्वावरचे शिक्षक वर्ष संपताच निघून जातात, हे आम्हाला ठाऊक आहे. त्या संस्थांनी पर्यवेक्षकाकडे हे काम लेखी दिले आणि संस्थेच्या नावाचा ई-मेल सुरू केला. मुलाकडून मेअखेर कच्ची माहिती लिहून घेतली. एवढेच.

आता वेळ थोडा आहे. मुदतपूर्व फेरीची तारीख दिवाळीच्या आगेमागे येते, तेव्हा कार्यालयाला कुलूप असते आणि शिक्का कपाटात. नियमित फेरी १ जानेवारीच्या सुमारास, आणि मग सहामाही अहवाल मागतात तेव्हा आपण बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत बुडालेले असतो. शिक्षण संचालकांकडे आमची मागणी आहे, की नववी ते अकरावीच्या गुणांच्या एकत्रित उताऱ्याचा एक साधा नमुना परिपत्रकाने सर्व विभागांना द्यावा. पानभर मजकुराला समिती लागत नाही. पण मुख्याध्यापकांनी आणि प्राचार्यांनी त्याची वाट पाहू नये. दिवाळीची सुट्टी लागण्यापूर्वी कोणत्या मुलांना कागद लागणार आहेत, ते बारावीच्या प्रत्येक तुकडीत विचारा, नववीचे निकालपत्रक कपाटातून बाहेर काढा, सही करा, जावक क्रमांक टाका आणि प्रत मुलाच्या हातात द्या. सुट्टीत ई-मेल कोण पाहणार, त्याचे नाव फलकावर लावा. ज्या संस्था हे करतील त्यांनी आम्हाला कळवावे; त्यांचे प्रोफाइल आणि उताऱ्याचे नमुने पुढच्या अंकात छापू, म्हणजे इतरांना ते जसेच्या तसे वापरता येतील.