खऱ्याचा आग्रह
‘वॉशिंग्टन पोस्ट’ने सप्टेंबर १९८० मध्ये हेरॉइनच्या विळख्यातल्या आठ वर्षांच्या जिमीची कहाणी छापली. पोलिसांनी शोध घेतला. मूल सापडले नाही. एप्रिल १९८१ मध्ये त्या वृत्ताला पत्रकारितेचा पुलित्झर पुरस्कार मिळाला, पण जिमी काल्पनिक ठरल्याने पुरस्कार परत करावा लागला. शहरातले व्यसन खरेच होते, मग तपशिलाचा आग्रह कशाला, असे विचारले जाते. कादंबरीला तपशील कल्पिण्याची मुभा आहे. तिथे वाचक कल्पित मान्य करूनच पान उघडतो. बातमीत मात्र एका खोट्या मुलामुळे खऱ्या मुलांच्या दुःखावरही संशय येतो. चूक कबूल केल्याने पत जाते, हा आक्षेपही टिकत नाही. त्या दैनिकाने प्रकरणाचा सविस्तर अहवाल स्वतःच छापला, हेच योग्य झाले. संपादकांनी छापण्यापूर्वी पुरावा मागावा. वाचकांनी आमच्याकडेही तो मागावा.