दंत सहायकांना अधिकार हवेत, पण नोंदणी आणि पगारासह

नळदुर्ग परिसरातल्या वस्त्यांमध्ये दातदुखीला आजार समजलेच जात नाही. लवंग धरायची, मेडिकलवरून गोळी आणायची आणि कामावर जायचे. मराठवाड्याचे सरकारी दंत महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. बुडालेली मजुरी, एसटीचे भाडे आणि उपचाराचा खर्च यांचा हिशेब जुळत नाही. म्हणून आपला माणूस डॉक्टरकडे जातो तो बहुधा दात काढायलाच.

त्यात तंबाखूची भर. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले 24.4 टक्के प्रौढ तंबाखू, मिसरी, मावा असे धूरविरहित प्रकार वापरत असल्याचे आढळले. गुटखाबंदी 2012 पासून आहे. तोंडातला पांढरा चट्टा वेळेत कुणी पाहिला, तर कर्करोगाचा धोका लवकर ओळखता येतो. पण पाहणार कोण?

1948 च्या दंतवैद्य कायद्याने डॉक्टरांखेरीज दोघांनाच ओळख दिली: दात स्वच्छ करणारे हायजिनिस्ट आणि कवळी बनवणारे मेकॅनिक. खुर्चीशेजारी उभी राहून हत्यारे निर्जंतुक करणारी, रुग्णाला धीर देणारी मुलगी त्या व्याख्यांत कुठेच नव्हती. 2023 च्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्यात दंत सहायक कर्मचाऱ्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहे. मात्र कोणते काम कुणी करायचे, हे स्पष्ट झाल्याशिवाय नुसत्या नोंदीला अर्थ नाही.

सहायकांना जास्त काम देणे जगाला नवे नाही. न्यूझीलंडने 1921 पासून परिचारिकांना शाळकरी मुलांच्या दातांवर उपचार करायला शिकवले. अलास्कातल्या आदिवासी आरोग्य संस्थांनी आपल्याच तरुणांना तिथे शिकायला पाठवले. ते परतून कामाला लागले, तेव्हा अमेरिकेतली दंतवैद्यांची संघटना विरोधात न्यायालयात गेली.

आपल्याकडेही आक्षेप येईल: गरिबांना दुय्यम उपचार का? हा प्रश्न आम्ही हलका मानत नाही. दुय्यम वागणूक म्हणजे काय, हे आपल्या समाजाला सांगावे लागत नाही. म्हणूनच मर्यादा स्पष्ट हवी. तोंडाची तपासणी, फ्लोराइडचा लेप, आरोग्यशिक्षण आणि गरज दिसताच डॉक्टरकडे पाठवणे ही कामे प्रशिक्षित सहायकाने करावीत. दात काढणे आणि शस्त्रक्रिया डॉक्टरकडेच राहाव्यात. सहायक नेमले म्हणून दंतवैद्यांची पदे रिकामी ठेवता येणार नाहीत.

दुसरा धोका सहायकांच्याच पोटाचा आहे. काम वाढवायचे आणि मानधनावर भागवायचे, हे आशाताईंच्या बाबतीत आपण पाहिले. त्यांना त्यासाठी वारंवार रस्त्यावर उतरावे लागले. या कामात येणाऱ्या मुली बहुतेक कष्टकऱ्यांच्या घरातल्या असतील. शिष्यवृत्तीसह प्रशिक्षण, नोंदणी, कायम पद आणि वेतनश्रेणी नसेल, तर वाढीव अधिकार म्हणजे केवळ वाढीव ओझे.

आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी स्वच्छ करणाऱ्या तथागतांचा धम्म आपला आहे. शुश्रूषेचे काम हलके मानणे आपल्याला शोभत नाही. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे संविधानाच्या अनुच्छेद 47 नुसार शासनाचे कर्तव्य आहे. ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघेल, तेव्हा दातांचाही प्रश्न मांडा आणि ठराव लेखी घ्या.

जय भीम!