तळ्यातला झिंगा आणि बर्फातली कोळंबी

परवा चंद्रपुरात एका सुशिक्षित स्नेह्यांकडे अमेरिकेच्या दक्षिणी थाटाची मेजवानी झाली. खेकडे, कोळंबी, बटाटे व मक्याची कणसे एकाच हंड्यात उकडलेली. सोबत मक्याचा पाव. पदार्थ रुचकर होते. परक्या पाककृतीशी आमचे भांडण नाही. मका, बटाटा, मिरची ही सारी अमेरिकेहूनच आली आणि आपली झाली. भांडण आहे ते बर्फातून आणलेल्या कोळंबीशी. लुइझियानाचा माणूस हंड्यात काय टाकतो? आपल्याच दलदलीतला, गोड्या पाण्यातला क्रॉफिश! मग नागभीड, सिंदेवाही, आरमोरीकडच्या तलावांतले झिंगे आम्हांस का चालू नयेत? १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. ‘माजी मालगुजारी’चे ‘मामा तलाव’ एवढे नाव उरले आणि कित्येक तलाव गाळाने भरत आले. ढिवर मात्र अजून जाळे टाकतो. आणि त्याच्या टोपलीला चिखलाचा वास येतो म्हणून आम्ही नाके मुरडतो! ज्या तळ्यातल्या मासळीला गिऱ्हाईक नाही, त्याचा गाळ उपसा म्हणून कोण ओरडणार? अनुकरण करायचेच, तर पुरते करा. हंडा त्यांचा असो, झिंगे आपले असोत.