एक रुपया, दहा रुपये, एकवीसशे रुपये

14 मार्च 1995 रोजी मनोहर जोशी यांनी शिवाजी पार्कवर मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, तेव्हा समोरच्या गर्दीला येत्या पाच वर्षांत काय काय होणार हे तोंडपाठ होते. रुपयात झुणका-भाकर मिळणार, 40 लाख झोपडपट्टीवासीयांना फुकट घरे मिळणार, एन्रॉनचा वीजप्रकल्प अरबी समुद्रात बुडणार. 288 जणांच्या विधानसभेत शिवसेना-भाजप युतीचे आमदार 138. बहुमताची किल्ली अपक्षांच्या खिशात होती, पण शपथविधीच्या दिवशी अशी वजाबाकी कोण करत बसतो?

त्या गर्दीला भाबडी म्हणणे सोपे आहे. पण 12 लोकशाही देशांतल्या 20 हजारांहून अधिक निवडणूक आश्वासनांचा एक अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. सत्ता एकाच पक्षाची असेल तर आश्वासने बऱ्याच प्रमाणात पाळली जातात आणि वाटेकरी आले की प्रमाण घसरते, असे त्यात दिसले. त्या बारांत भारत नव्हता. तरीही ‘सगळे पुढारी सारखेच’ म्हणणाऱ्या कट्ट्यावरच्या पंडितापेक्षा आशावादी कार्यकर्ता वास्तवाच्या अधिक जवळ असू शकतो.

त्याचे चुकते ते दुसरीकडे. साहेबांची इच्छा आहे ना, मग झालेच, असे तो धरून चालतो. पैसा कोणाचा, हे विचारत नाही.

झुणका-भाकरीचा पैसा सरकारी होता, म्हणून ती लगेच आली. मोक्याच्या जागांवर केंद्रे उभी राहिली. मग अनुदान आटले, अनेक टपऱ्यांवर भाकरीऐवजी इतरच पदार्थ विकले जाऊ लागले आणि पुढच्या सरकारने योजनाच गुंडाळली. एन्रॉनची कथा त्याहून छोटी. ऑगस्ट 1995 मध्ये करार रद्द झाला, नोव्हेंबरात कंपनीच्या रिबेका मार्क बाळासाहेब ठाकरे यांना भेटल्या आणि जानेवारी 1996 मध्ये प्रकल्प नव्या अटींवर परत आला. बुडवायचे तर सोडाच, क्षमता 2015 मेगावॅटवरून 2184 झाली. (कंपनी पुढे 2001 मध्ये दिवाळखोरीत गेली, पण ती अमेरिकेत आणि आपल्या कर्तृत्वाने.)

घरांचे वचन खरे शिकवणारे आहे. 40 लाख माणसे म्हणजे आठ लाख घरे. एवढा पैसा तिजोरीत नव्हता, म्हणून तो बिल्डरच्या नफ्यातून काढायचे ठरले. 70 टक्के झोपडीधारकांची संमती घ्यायची, त्यांना 225 चौरस फुटांची घरे फुकट बांधून द्यायची आणि त्या बदल्यात मिळणाऱ्या जादा चटईक्षेत्रावरची घरे बिल्डरने बाजारभावाने विकायची. कागदावर कुणाचेच नुकसान नव्हते. फक्त मुंबईतले जागांचे भाव चढे राहायला हवे होते, आणि नेमके 1996 नंतर ते पडू लागले. बिल्डरांचा उत्साह ओसरला, आठ लाखांचा आकडा दूरच राहिला. गरिबाच्या मोफत घरासाठी श्रीमंताचे घर महाग असावे लागते, हे प्रचारसभेत कोणी सांगितले नव्हते. सांगितले असते तर टाळ्या पडल्या नसत्या. 1999 मध्ये युतीची सत्ता गेली, पण योजना टिकली. मोफत घरासाठी झोपडी कोणत्या तारखेआधीची हवी, ती मुदत 1 जानेवारी 1995 वरून 1 जानेवारी 2000 वर सरकली आणि घराचा आकार आधी 269, मग 300 चौरस फूट झाला. चाळीस लाखांपैकी ज्यांना चावी मिळाली, त्यांतल्या अनेकांना ती मुळात वचन न देणाऱ्या सरकारच्या काळात मिळाली.

2019 मध्ये याचीच वेगळी तऱ्हा दिसली. शिवसेनेने वचननाम्यात दहा रुपयांत थाळीचे वचन दिले होते. 26 जानेवारी 2020 रोजी शिवभोजन थाळी सुरूही झाली. करोनाच्या काळात ती पाच रुपयांवर आली, काही काळ मोफत मिळाली. वचन पाळले गेले, पण ज्या युतीसाठी मत मागितले होते ती तोवर मोडली होती आणि उद्धव ठाकरे काँग्रेस-राष्ट्रवादीसोबत सरकार चालवत होते. थाळी मोजायची की सोबती? प्रत्येक समर्थकाने हिशेब आपापल्या सोयीने मांडला.

नोव्हेंबर 2024 मध्ये अडचण संख्याबळाची नव्हतीच. सत्ताधारी महायुतीच्या तीन मुख्य पक्षांनाच विधानसभेत 230 जागा मिळाल्या. लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे 1500 रुपये जुलैपासूनच्या हिशेबाने निवडणुकीआधीच खात्यांत पडले होते, त्यामुळे ते 2100 करण्याच्या आश्वासनावर विश्वास ठेवायला हाताशी पुरावा होता. मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात योजनेसाठी 36 हजार कोटी रुपये ठेवले गेले, वाढीव रक्कम मात्र त्यात आली नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस, आश्वासन दिलेल्या कर्जमाफीची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यांना अजित पवार यांनी बारामतीत 31 तारखेच्या आत पीककर्ज भरा असे सांगितले.

यावर समर्थकाचे उत्तर ठरलेले असते: जाहीरनामा पाच वर्षांचा असतो. उत्तर खोटे नाही. पण मतदानाआधी ज्याला तारीख हवी होती, तोच निकालानंतर नेत्याने न मागितलेली मुदतवाढ देऊन टाकतो. वास्तविक आमदाराला जाब विचारायला विरोधकापेक्षा तोच सोयीचा. त्याच्यासाठी दार उघडे असते, त्याच्या हेतूवर संशय घेता येत नाही आणि पुढच्या प्रचारात पत्रके वाटायला तोच लागणार असतो. दर मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडला जातो, योजनेपुढची रक्कम छापील असते. ते पान घेऊन मतदारसंघाच्या कार्यालयात जाणारे समर्थक अजून फारसे दिसलेले नाहीत.